मरहूम शोएबुल्ला खान

आपले बोरी गाव १९४८ पर्यंत निजामी राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, शोएबुल्ला खान ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवीत. जन्म १९२० चा, वरंगल जिल्ह्यातला. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. पण त्यांनी तुटपुंज्या मिळकतीची पत्रकारिता पत्करली.

हैदराबादने भारतात सामील व्हावे, रझाकारांचा जुलूम थांबावा, असे ते उघड लिहीत. मुसलमानाने असे लिहिणे म्हणजे कौमचा गद्दार ठरणे! धमक्या आल्या, हात तोडण्याची भाषा झाली. घरी आई होती, तरुण पत्नी होती. मौत अल्लाहच्या हुकमाशिवाय येत नाही हे आपण सारेच मानतो. ते मानून दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख लिहायला बसणे निराळे. ते बसले.

२१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कचेरीतून परतताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठले, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. सोबतचे मेहुणे इस्माईल खान हेही जबर जखमी झाले. पहाटेपर्यंत शोएबुल्ला खान अल्लाहला प्यारे झाले. वय अवघे २७.

पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रे खाली ठेवली.