मान्यतांची पारख करणारा महापुरुष : आचार्य विनोबा भावे

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यात डोंगरांच्या कुशीत गागोदे बुद्रुक हे लहानसे गाव वसले आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावी नरहरपंत व रुक्मिणीबाई भावे यांच्या पोटी विनायक नावाचे पुत्ररत्न जन्मास आले. पुढे आचार्य विनोबा भावे या नावाने ते जगाला परिचित झाले. त्यांच्या जीवनाकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कोणतीही मान्यता, मग ती समाजाची असो, घराण्याची असो वा स्वतःच्या मनाची, त्यांनी तपासल्याशिवाय ठेवली नाही आणि तपासल्याशिवाय टाकलीही नाही.

या वृत्तीचे बीज गागोद्याच्या घरातच पडले. बालपणी एकदा रात्री दिव्याच्या उजेडात भिंतीवर एक अवाढव्य आकृती पाहून विनायक घाबरला व आईकडे धावला. आईने भीतीची थट्टा केली नाही किंवा नुसती समजूतही घातली नाही. तो राक्षस तुझा गुलाम आहे, तू बसलास तर तो बसेल, उभा राहिलास तर उभा राहील, करून पाहा, असे तिने सुचविले. मुलाने करून पाहिले आणि ती आपलीच सावली असल्याचे त्यास उमगले. मनुष्याला अडविणारी पुष्कळशी भुते अशी स्वतःच्याच सावलीची असतात, हा धडा त्यांना आयुष्यभर पुरला.

मात्र पारख करणे म्हणजे मोडून टाकणे नव्हे, हेही त्यांना त्याच माउलीने शिकविले. देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा तिचा नेम होता व ती एकेक दाणा मोजून वाहत असे. एक तोळा तांदूळ मोजून त्या हिशेबाने वजन करावे, असे वडिलांनी सुचविले. गणित हा विनायकाचा प्राणप्रिय विषय होता. तरीही त्याने कौल आईच्या बाजूने दिला, कारण प्रत्येक दाण्याबरोबर होणारे ईश्वरस्मरण तराजूत तोलता येत नाही, हे त्याला पटले होते.

तारुण्यात त्यांच्या मनाला दोन ओढी होत्या. एक हिमालयातील शांतीची, दुसरी बंगालमधील क्रांतीची. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, अशीच सर्वसामान्य समजूत होती. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेला उतरले व काशीस गेले. तत्पूर्वी आपली प्रमाणपत्रे त्यांनी आईदेखत चुलीत टाकली होती. काशीत महात्मा गांधींच्या भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात उभयतांची भेट झाली. शांती आणि क्रांती यांचा मेळ त्यांना तेथे आढळला.

ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या विद्वानाने आश्रमात मैलासफाईचे काम स्वीकारले. धाकटे बंधू बाळकोबा त्या कामी अग्रेसर होते. पुढे पवनारला असताना शेजारच्या सुरगावी विनोबा रोज खांद्यावर फावडे घेऊन सफाईसाठी जात. सोवळ्याओवळ्याची मान्यता त्यांनी केवळ व्याख्यानांतून नव्हे, तर हातांनी पुसली. १९५३ साली देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसमवेत जाताना पंड्यांनी त्यांना मारहाण केली व त्यांच्या कानाला इजा झाली. पण मनात कटुता राहिली नाही. १९५८ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अन्यधर्मीय सहकाऱ्यांसह त्यांचे स्वागत झाले. पुढच्याच वर्षी पवनारला त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. साध्वीसंघाची प्राचीन परंपरा असलेल्या जैन समाजाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

१८ एप्रिल १९५१ हा दिवस भारताच्या इतिहासात चिरस्मरणीय ठरला. इकत वस्त्रांसाठी आज प्रसिद्ध असलेल्या तेलंगणातील पोचमपल्ली येथे ४० हरिजन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. जमीन एकतर कायद्याने मिळते नाहीतर तलवारीने, अशीच तेव्हाची धारणा होती. विनोबांच्या मनातही प्रथम सरकारकडे अर्ज पाठविण्याचाच विचार आला. परंतु गावातच काही होऊ शकेल काय, असे त्यांनी सहज विचारले आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. या एका प्रश्नातून भूदान जन्मास आले. पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले व ४० लाखांहून अधिक एकर जमिनीचे दान मिळाले. त्यातील बरीचशी नापीक वा वादग्रस्त निघाली, पुष्कळशी वाटलीही गेली नाही, हे प्रांजळपणे सांगितलेच पाहिजे. तरीसुद्धा मनुष्य आपल्या हाताने परिग्रह सोडू शकतो, हे अनेक गावांनी प्रत्यक्ष पाहिले.

जैन समाजावर तर त्यांचे विशेष ऋण आहे. सर्व जैन संप्रदायांना मान्य असा एकच सारग्रंथ असावा, असा आग्रह त्यांनी धरला. दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी व तेरापंथी यांचे एका ग्रंथावर एकमत होणे अशक्य, असे अनेकांना वाटे. परंतु भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने जिनेंद्र वर्णीजींनी संकलन केले आणि २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्लीत भरलेल्या संगीतीत मुनिवरांनी व विद्वानांनी ते मान्य केले. ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ असा सिद्ध झाला. अनेकांताचा हा जिवंत पुरावाच होय.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला. डॉक्टरांनी व आप्तांनी विनविले, पण देह कोणत्याही उपायाने धरून ठेवावा ही मान्यताही त्यांनी शांतपणे बाजूस सारली. सल्लेखनेच्या मार्गाने १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या म्हणजेच भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, पवनार येथे त्यांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न अर्पण करण्यात आले.

दीपावलीला व्यापारी बांधव वहीपूजन करतात, जुनी खाती मिळवितात, दुकानातील शिल्लक मालाची मोजदाद करतात. ठेवण्याजोगा माल ठेवतात, कसर लागलेला बाहेर काढतात. हे आपल्याला जमणार नाही, ते आपल्यात चालत नाही, अमुक माणूस कधी सुधारणार नाही, असा कितीतरी जुना माल मनाच्या कपाटातही पडून असतो. प्रतिक्रमणाच्या वेळी त्याचीही एकदा घडी उलगडून पाहावी. गागोद्याच्या त्या बालकाप्रमाणे दिव्यासमोर उभे राहून पाहिले, तर भिंतीवरचा राक्षस कोण हे आपोआप कळेल.