ग्रँट : सचोटी आणि सत्ता

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील ॲपोमॅटॉक्स या खेड्यात दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने शरणागती पत्करली आणि चार वर्षांचे यादवी युद्ध संपल्यात जमा झाले. त्या घटनेचे हादरे मुंबईलाही बसले. अमेरिकेचा कापूस बंद पडल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर विसंबून होत्या, आणि त्या तेजीच्या पैशावर मुंबईत शेअरांचा जुगार रंगला होता. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, जुलैमध्ये वायद्यांची मुदत भरताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. कापसाच्या भरवशावर कर्ज काढलेला दख्खनचा शेतकरीही सावकाराच्या वहीत अडकला. १८७५ साली सुपे येथून उसळलेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांना इतरही कारणे होती. तथापि त्या कर्जाची काही मुळे या तेजीमंदीत होती, हे नाकारता येत नाही.

ज्याच्यापुढे ली शरण गेला तो सेनापती युलिसिस ग्रँट. हा मनुष्य पुढे दोन वेळा अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि अखेर स्वतःच एका सट्टेबाजाच्या पेढीत सर्वस्व गमावून बसला. राज्यकर्ता स्वतः प्रामाणिक असला म्हणजे पुरेसे आहे काय, हा प्रश्न त्याच्या चरित्राइतका स्पष्टपणे फार थोड्या चरित्रांतून पुढे येतो.

ग्रँट घराण्याचा मूळ पुरुष मॅथ्यू ग्रँट १६३० साली इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये आला. ग्रँटच्या पणजोबाला १७५६ साली फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत मरण आले. आजोबांच्या काळात घराला विपन्नावस्था आली आणि मुले दुसऱ्यांच्या आश्रयाने वाढली. त्यांपैकीच जेसी हा ग्रँटचा पिता. कातडी कमावण्याच्या धंद्यात उमेदवारी करीत असता तो ओवेन ब्राऊन यांच्या घरी राहिला. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेला जॉन ब्राऊन हा याच ओवेनचा मुलगा. जिथे गुलाम ठेवतात तिथे राहायचे नाही, या निश्चयाने जेसी ओहायोत स्थायिक झाला. तेथे २७ एप्रिल १८२२ रोजी युलिसिसचा जन्म झाला. मुलाला कातडीच्या धंद्याचा तिटकारा होता; जीव होता तो घोड्यांवर. बापानेच खटपट करून १८३९ साली त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात धाडले. तेथून १८४३ साली बाहेर पडताना ३९ जणांत त्याचा क्रमांक २१वा होता.

मेक्सिकोच्या युद्धातून परतल्यावर १८४८ साली त्याने ज्युलिया डेंट हिच्याशी लग्न केले. सासरे फ्रेडरिक डेंट हे मिसुरीतील जमीनदार आणि गुलामांचे मालक. वराचे आईवडील या लग्नाला गेले नाहीत. गुलामगिरीचा जो प्रश्न देशाला दुभंगणार होता, तो ग्रँटच्या घरात असा आधीच येऊन बसला होता.

१८५४ साली लष्कराचा राजीनामा देऊन ग्रँट शेतीकडे वळला, पण शेती पिकेना. सेंट लुईसच्या रस्त्यांवर त्याने सरपण विकले. १८५७ च्या मंदीत, नाताळच्या दोन दिवस आधी, २२ डॉलरसाठी सोन्याचे घड्याळ गहाण टाकले. अशा दिवसांत, मार्च १८५९ मध्ये, त्याने आपल्या मालकीच्या विल्यम जोन्स या गुलामाला कायदेशीर कागद करून मुक्त केले. बाजारात त्या माणसाची मोठी किंमत आली असती आणि ग्रँटला पैशाची गरज होती. एका पैचा मोबदला न घेता त्याने तो कागद केला. पुढच्याच वर्षी बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करण्याची वेळ त्याच्यावर आली.

युद्धाने हे सारे पालटले. १८६१ साली स्वयंसेवकांच्या पलटणीचा कर्नल झालेला ग्रँट मार्च १८६४ मध्ये सर्व संघराज्य सैन्याचा प्रमुख होता. डोनेल्सन, शायलो, व्हिक्सबर्ग या लढायांनी त्याचे नाव घरोघर पोचवले. त्याच्या मोहिमांत रक्त फार सांडले. डिसेंबर १८६२ मध्ये आपल्या हुकमतीखालील प्रदेशातून सर्व ज्यूंना घालवून देण्याचा अन्याय्य हुकूमही त्याने काढला आणि लिंकनला तो रद्द करावा लागला. पण शरण आलेल्या शत्रूशी तो उदारपणे वागला. लीच्या सैनिकांना नांगरटीसाठी आपापले घोडे घरी नेऊ देणारा हा सेनापती स्वतः शेतीत पोळलेला होता, हे विसरता येत नाही.

१८६८ च्या निवडणुकीत ४६ वर्षांचा ग्रँट अध्यक्ष झाला. १८६९ ते १८७७ या त्याच्या कारकीर्दीकडे केवळ भ्रष्टाचाराचा काळ म्हणून पाहण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. ती एकांगी आहे. वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी १५वी घटनादुरुस्ती १८७० साली अमलात आली. कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध १८७१ साली कडक कायदा करून त्याने तो राबवला. १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर कागदी चलन वाढवणारे विधेयक काँग्रेसने संमत केले असता त्याने लोकप्रियतेची तमा न बाळगता त्यावर नकाराधिकार वापरला. मंदीत चलन आखडणे शहाणपणाचे होते काय, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तो निर्णय कोणाच्या दडपणाखाली झाला नव्हता, एवढे मात्र निश्चित.

दुबळेपणा होता तो माणसे पारखण्यात. १८६९ साली जे गूल्ड आणि जेम्स फिस्क या सट्टेबाजांनी सोन्याची बाजारपेठ कोंडीत पकडण्याचा डाव रचला, तेव्हा अध्यक्षाच्या घरात शिरण्याची वाट त्यांना ग्रँटच्या बहिणीच्या नवऱ्याकडून मिळाली. डाव लक्षात येताच ग्रँटने सरकारी खजिन्यातील ४० लाख डॉलरचे सोने विक्रीस काढले. २४ सप्टेंबर रोजी १६० डॉलरच्या घरात पोचलेला भाव काही मिनिटांत गडगडला आणि अनेक निरपराध व्यापारी त्यात चिरडले गेले. १८७५ साली मद्यावरील कर बुडवणारी मोठी टोळी उघडकीस आली. प्रारंभी कोणालाही सोडू नका असे बजावणारा ग्रँट, चौकशी आपल्या खाजगी चिटणीसापर्यंत पोचताच त्याच्या चारित्र्याची ग्वाही देण्यास पुढे झाला. लष्करी ठाण्यांवरील दुकानांच्या परवान्यांत युद्धमंत्री बेल्कनॅप अडकला. त्याचा राजीनामा अध्यक्षाने घाईघाईने स्वीकारला. अशाच परवान्यांच्या नफ्यात ग्रँटच्या धाकट्या भावाचाही वाटा असल्याचे निष्पन्न झाले. यांतील एक डॉलरही ग्रँटच्या खिशात गेला नाही. पण ज्यांच्या खिशात गेला त्यांना पदांवर ठेवणारा, आणि कित्येकदा पाठीशी घालणारा, तोच होता.

निवृत्तीनंतर तो जगप्रवासाला निघाला. फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरून तो आग्रा, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. ज्या बाजारावर त्याच्या विजयाने चौदा वर्षांपूर्वी दिवाळखोरी ओढवली होती, त्याच शहराने त्याचे स्वागत केले.

त्याची स्वतःची पाळी पुढे आली. मुलाच्या भागीदारीतील 'ग्रँट अँड वॉर्ड' या पेढीत त्याने सर्व शिल्लक घातली. फर्डिनांड वॉर्ड हा भागीदार एकच रोखे अनेक ठिकाणी तारण ठेवी आणि नव्या ठेवींतून जुन्यांना नफा वाटी. ग्रँटने हिशेबाच्या वह्या कधी तपासल्या नाहीत. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली, तेव्हा पतिपत्नींजवळ मिळून सुमारे २०० डॉलर उरले होते. पेढी सावरण्यासाठी त्याने विल्यम व्हँडरबिल्टकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते. ते फेडण्यासाठी त्याने आपली घरेदारे, तलवारी आणि मानचिन्हेदेखील त्याच्या स्वाधीन केली. माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९५८ साली झाला, त्यामुळे तोही आधार नव्हता. त्याच वर्षी घशाचा कर्करोग जडल्याचे निदान झाले. कुटुंबासाठी काही मागे राहावे म्हणून त्याने आत्मचरित्र लिहावयास घेतले. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ते स्वीकारले. असह्य वेदनांत लेखन संपवून थोड्याच दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, त्याने देह ठेवला. त्या ग्रंथातून ज्युलियाला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. थोरला मुलगा फ्रेडरिक पुढे राजदूत आणि सेनाधिकारी झाला. त्याची व्हाइट हाऊसमध्ये जन्मलेली मुलगी एका रशियन सरदाराशी विवाहबद्ध झाली आणि क्रांतीनंतर तिला रशियातून परागंदा व्हावे लागले.

दीड लाखाचे ऋण चुकवण्यासाठी तलवारही देऊन टाकणारा हा मनुष्य अप्रामाणिक म्हणता येत नाही. पेढीच्या वह्या त्याने जशा न तपासता भागीदारावर सोपवल्या, तसेच राज्याचे हिशेबही त्याने स्नेह्यांवर आणि आप्तांवर सोपवले. पेढी बुडाली तेव्हा त्याने घरातले सर्व देऊन स्वतःचे कर्ज फेडले. राज्यात जे बुडाले ते मात्र भरून देणे कोणा एकाच्या आवाक्यातले नव्हते. आपणही राज्यकर्त्याची परीक्षा करताना तो स्वतः पैसे खातो काय, एवढेच बहुधा विचारतो. वह्या कोण तपासतो आणि आप्ताची वही समोर आली असता काय होते, हेही विचारण्याची सवय नागरिकांनी लावून घेतली पाहिजे.