कच्चं मडकं पक्कं झालं

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. माउलींची कृपा आणि वाडवडिलांची पुण्याई. पण या आनंदात एक धोकाही आहे. विसाव्याला बसलो की आमच्यात वाऱ्यांचा हिशेब निघतो. कुणाच्या तीस, कुणाच्या चाळीस. नव्या पोराचा टाळ चुकला की जुन्यांच्या कपाळाला आठी पडते. वीणा कुणी घ्यायची, पुढं कुणी चालायचं, यावरून आम्हीही रुसलो आहोत. म्हणून या अंकासाठी नामदेवरायांचं चरित्र लिहायला घेतलं, तेव्हा त्यांची थोरवी सांगताना त्यांची चूकही सांगावी असं ठरवलं.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२चा, म्हणजे इ. स. १२७०चा. घराणं मूळचं नरसी बामणीचं. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. घरात विठ्ठलाची भक्ती आधीपासूनच होती. लहानग्या नामदेवानं नैवेद्याचं ताट देवापुढं ठेवलं आणि देव जेवल्याशिवाय हलणार नाही म्हणून हट्ट धरला, देवही त्या हट्टाला भुलला, ही कथा आपल्या घराघरांत सांगतात. पुढं राजाईशी लग्न झालं, मुलंबाळं झाली, पण नामदेवांचं चित्त राउळातच. देव त्यांच्याशी बोलतो, अशी त्यांची ख्याती झाली.

इथंच घोटाळा झाला. देव जवळचा आहे, इथपर्यंत ठीक होतं. पण मीच देवाचा जवळचा, असं कधी वाटू लागलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मग ज्ञानोबारायांची भावंडं आणि इतर संत तेरला गोरोबाकाकांच्या घरी जमले. मुक्ताईनं गोरोबाकाकांना सांगितलं, तुम्ही कुंभार आहात, तर इथली मडकी किती भाजली ते पाहा. गोरोबांनी थापटणं उचललं. पक्कं मडकं वाजवलं की खणखणतं, कच्चं बद्द वाजतं, हे कुंभाराला सांगावं लागत नाही. एकेकाच्या डोक्यावर थापटणं बसलं. संत मुकाट बसून राहिले. नामदेवांची पाळी आली आणि त्यांना राग आला. गोरोबांनी निवाडा दिला की हे मडकं कच्चं आहे.

नामदेव उठले ते तडक पंढरीला, विठ्ठलापाशी गाऱ्हाणं घेऊन. आपली बाजू देव घेईल अशी त्यांची खात्री होती. देवानं बाजू घेतली नाही. गुरू केल्याशिवाय हे कच्चेपण जाणार नाही, असं सांगून त्यांना विसोबा खेचरांकडं पाठवलं.

हे विसोबा कोण, ते ध्यानात घेण्यासारखं आहे. आळंदीत याच विसोबांनी त्या चार भावंडांचा छळ केला होता. मुक्ताईला मांडे भाजायला खापरसुद्धा मिळू दिलं नव्हतं. ज्ञानदेवांनी योगबळानं पाठ तापवली आणि मुक्ताईनं त्यावर मांडे भाजले, ते पाहून त्यांना आपलं पाप कळलं. त्यांनी भावंडांचं उष्टं खाल्लं आणि मुक्ताईचं शिष्यत्व पत्करलं. म्हणजे देवानं नामदेवांना कधीच न चुकलेल्या माणसाकडं पाठवलं नाही. चुकून सुधारलेल्याकडं पाठवलं.

औंढा नागनाथाच्या देवळात नामदेव पोचले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना ते खपलं नाही. विसोबा म्हणाले, बाबा, मी थकलोय, जिथं देव नाही तिथं माझे पाय तूच ठेव. नामदेवांनी पाय उचलले. जिकडं ठेवावेत तिकडं पिंड. तेव्हा डोळे उघडले. आपण देवाला राउळात कोंडलं होतं आणि राउळाचे मालक आपणच झालो होतो, ही चूक त्यांना उमगली.

चूक उमगणं सोपं नसतं, आणि तशी वागणूक ठेवणं त्याहून अवघड. नामदेवांनी ती ठेवली. कुत्र्यानं पोळी पळवली तर कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागं धावले. १२९६ साली माउलींनी आळंदीत समाधी घेतली, तेव्हा नामदेव तिथं होते. त्यानंतर त्यांनी कीर्तनाची पताका थेट पंजाबात नेली. घुमान गावी त्यांचं स्मरण आजही होतं, आणि त्यांची ६१ पदं शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

१३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ज्यांना राउळाची पायरी चढू दिली नव्हती, त्या चोखोबांच्या अस्थी शोधायला नामदेव स्वतः गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती वेचून आणली आणि महाद्वारापुढं समाधी बांधली. तेरला थापटणं सोसलं नव्हतं, तेच नामदेव इथं ढिगाऱ्यात वाकून हाडं वेचत होते. मडकं भाजून निघालं होतं.

शेवटी शके १२७२च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, इ. स. १३५० साली, ऐंशीव्या वर्षी त्यांनी महाद्वाराच्या पायरीखाली समाधी घेतली. देवाशेजारी जागा मागितली असती तर कोण नाही म्हणालं असतं? त्यांनी पायरी मागितली. येणाऱ्या संतांची पायधूळ लागावी, एवढीच इच्छा. जो आधी देवाचा जवळचा म्हणून मिरवला, तो भक्तांच्या पायाखाली गेला आणि तिथं देवाच्या खरा जवळ आला.

आम्ही शंभर वर्षं त्या पायरीवर डोकं टेकतो आहोत. पण गोरोबाकाकांचं थापटणं आज आमच्या दिंडीत फिरलं, तर किती मडकी खणखणतील? एखाद्या नव्या वारकऱ्यानं आमची चूक दाखवली तर आम्ही मुकाट ऐकू, की रुसून तंबूत जाऊ? येत्या आषाढीला पायरीशी वाकताना वाऱ्यांचा हिशेब तिथंच ठेवून येऊ या. माघारी येताना तेवढंच ओझं कमी.

रामकृष्ण हरी.