ज्यूल व्हर्न : हिंदुस्थान न पाहता हिंदुस्थान लिहिणारा

स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या संताचे, क्रांतिकारकाचे नाहीतर गायकाचे चरित्र असते. यंदा एका फ्रेंच लेखकाला पाहुणा म्हणून आणले आहे. पाहुणा कसला म्हणा! ज्यांचे बालपण भा. रा. भागवतांच्या अनुवादांवर पोसले गेले, त्यांच्या तो घरचाच. पाणबुडी, चंद्रावर डागलेली तोफ, ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा, हे सारे शाळेत असताना साहस म्हणून वाचले. वीस-बावीस वर्षे रेल्वेत काढल्यावर तीच पुस्तके पुन्हा हाती घेतली, तेव्हा गोष्टीपेक्षा लिहिणाऱ्या माणसाचेच नवल वाटू लागले.

ज्यूल व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी झाला. वडील वकील. घर ल्वार नदीतल्या बेटावर, समोर गलबतांच्या डोलकाठ्या. अकराव्या वर्षी तो पळून जाऊन जहाजावर चढला आणि वडिलांनी त्याला परत आणले, अशी गोष्ट जुन्या चरित्रांत आहे. अभ्यासक आता ती फारशी खरी मानत नाहीत. पॅरिसला जाऊन त्याने कायद्याची परीक्षा दिली खरी, पण वडिलांची गादी चालवायला नकार दिला. नाटके लिहिली, एका नाट्यगृहात चिटणिसाचे काम केले. १८५७ मध्ये ऑनरीन या दोन मुलींच्या विधवा आईशी लग्न केले आणि संसार चालवायला शेअर बाजारात दलाली पत्करली. पहाटे लिहायचे आणि मग बाजार गाठायचा. ड्यूटी सांभाळून उत्सवाचे नाटक बसवणाऱ्या आपल्या मंडळींना यातली ओढाताण समजावून सांगायला नको.

१८६२ मध्ये त्याची गाठ एत्झेल या प्रकाशकाशी पडली. बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी १८६३ च्या जानेवारीत आली आणि गाजली. पुढे वर्षाला दोन-तीन खंड देण्याचा करार झाला. एत्झेल नुसता छापणारा नव्हता, तो हस्तलिखितावर लाल शेरे मारणारा साहेब होता. विसाव्या शतकातल्या पॅरिसवर व्हर्नने एक उदास कादंबरी लिहिली होती. तीत इंजिनावर चालणाऱ्या गाड्या होत्या, हिशेबाची यंत्रे होती, आणि कवितेला कोणी विचारत नव्हते. एत्झेलने ती साफ नाकारली. ते बाड तिजोरीत पडून राहिले, १८८९ नव्हे, चांगले १९८९ मध्ये सापडले आणि १९९४ मध्ये छापले गेले. आपल्याला माहीत असलेला आशावादी व्हर्न काही अंशी त्या लाल शेऱ्यांनी घडवला आहे, असे माझे मत.

चंद्राच्या कादंबरीतली (१८६५) तोफ नऊशे फूट लांबीची आहे. तेवढ्या अंतरात गोळ्याला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग द्यायचा, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींवर जाते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे सूत्र वापरून कोणीही पडताळावे. आतले तिन्ही प्रवासी त्याच क्षणी चपाती होणार! पण तीन प्रवासी, फ्लोरिडातून उड्डाण आणि परतताना पॅसिफिक महासागरात उतरणे, हे सारे १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वेळी घडले. रॉकेटशास्त्राचा पाया घालणारे त्सिओल्कोव्हस्की आणि ओबर्थ हे दोघेही व्हर्न वाचूनच या वाटेला लागले होते. गणित चुकले तरी गोष्टीने काम केले.

आता आपल्या जबलपूरचा विषय. ऐंशी दिवसांची कादंबरी १८७२ मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः आली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, त्याच वर्षी अमेरिकेत रूळ आरपार जोडले गेले आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली जी.आय.पी. आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे इथे, जबलपुरात, एकमेकींना मिळाल्या. या तीन जोडण्यांशिवाय ते वेळापत्रक जमतच नाही. व्हर्नची गाडी साष्टी, ठाणे, सह्याद्रीचे घाट, बऱ्हाणपूर अशी बरोबर धावते आणि मग अलाहाबादच्या अलीकडे खोल्बी नावाच्या काल्पनिक गावी रूळच संपतात. पुढचे पन्नास मैल हत्तीवरून! प्रत्यक्षात तोवर मार्ग अखंड झाला होता. पण रूळ तुटले नसते तर हत्ती कुठून आला असता? पी-वेवाल्यांनी मोठ्या मनाने माफ करावे.

व्हर्न स्वतः इंग्लंड-स्कॉटलंडला गेला, स्कँडिनेव्हियाला गेला, १८६७ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य बोटीने अमेरिकेला जाऊन आठवड्याभरात परतला, आपल्या छोट्या जहाजातून भूमध्य समुद्रात फिरला. हिंदुस्थानात मात्र कधीच आला नाही. नकाशे, प्रवासवर्णने, वर्तमानपत्रे आणि हजारो टिपणे एवढ्यावर त्याने आपला देश रचला.

त्यातून दोन फार वेगळी चित्रे निघाली. पाणबुडीचा कप्तान निमो हा मुळात रशियनांनी कुटुंब मारलेला पोलिश सरदार व्हायचा होता. रशियातला खप जाईल म्हणून एत्झेल अडून बसला आणि निमो बिनदेशाचा राहिला. पुढे ‘रहस्यमय बेट’ (१८७४-७५) मध्ये उलगडा होतो, की तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा दक्कर, सत्तावन्नच्या लढ्यात लढलेला आणि बायकामुले गमावलेला. बुंदेलखंड म्हणजे इथून उत्तरेला काही तासांची वाट. शाळेत ते पान वाचताना छाती फुगली होती.

पण १८८० च्या ‘वाफेचे घर’ मध्ये तोच लेखक नानासाहेब पेशव्यांना खलनायक करतो. कथा सुरू होते औरंगाबादेत, नानासाहेबांच्या शिरावरच्या बक्षिसाच्या जाहीरनाम्याने. बँक्स नावाच्या इंजिनिअरचा पोलादी हत्ती, पोटात बॉयलर, मागे चाकांवरची दोन घरे, कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतो. यंत्राचे वर्णन झकास. इंग्रजांनी घेतलेल्या सूडाचीही व्हर्न नोंद करतो, पण कानपूरचा सारा दोष नानासाहेबांवर ठेवतो आणि शेवटी बॉयलर फोडून त्यांचा अंत करतो. मराठी माणसाचा इथे घास अडकतो. काल्पनिक राजपुत्राला न्याय देणे सोपे होते. खऱ्या माणसाबद्दल त्याच्यापुढे मुख्यतः युरोपियनांनी लिहिलेलेच होते.

घरात सुख बेताचेच. एकुलता मुलगा मिशेल उनाड निघाला. वडिलांनी त्याला सुधारगृहात ठेवले आणि १८७८ मध्ये उमेदवार म्हणून जहाजावर चढवून दूरच्या सफरीवर धाडले. ते जहाज हिंदुस्थानकडे निघाले होते! ९ मार्च १८८६ रोजी गास्तों या मनोरुग्ण पुतण्याने व्हर्नवर पिस्तूल झाडले. गोळी डाव्या पायात बसली आणि कायमचे लंगडेपण आले. त्याच महिन्यात एत्झेल वारला. जहाज आधीच विकले होते. १८८८ पासून व्हर्न आमियां शहराचा नगरसेवक झाला आणि नाट्यगृह, रस्ते, सर्कशीची इमारत यांत रमला.

२४ मार्च १९०५ रोजी मधुमेहाने त्याचा मृत्यू झाला. मागे राहिलेली हस्तलिखिते मिशेलने पुरी करून वडिलांच्या नावाने छापली. त्याने किती प्रकरणे बदलली आणि किती स्वतः घातली, हे मूळ प्रती हाती आल्यावर, सत्तर वर्षांनी कळले. तोवर ती पुस्तके जगाने बापाचीच म्हणून आवडीने वाचली होती.