नीरेपलीकडचा राजा आणि कंपनी सरकारचा तह

बारामती-इंदापूरच्या आपल्या लोकांना नीरा नदी म्हणजे ऊस आणि पाण्याच्या पाळ्या. पण १८१९ पासून जवळपास तीस वर्षे हीच नदी दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे कंपनी सरकारचा मुलूख, पलीकडे साताऱ्याच्या छत्रपतींचे राज्य. त्या राज्याचे धनी प्रतापसिंह महाराज यांचे चरित्र आंबेडकरी कार्यकर्त्याने मुद्दाम वाचले पाहिजे. बलाढ्य मित्र दुबळ्या मित्राचा घात कसा करतो, हे त्यातून कळते.

प्रतापसिंहांचा जन्म १७९३ चा. गादी छत्रपतींची, पण सत्ता पेशव्यांची. छत्रपती नावापुरते राजे, प्रत्यक्षात नजरकैदी. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला आपल्या शूरांनी इतिहास घडवला, तेव्हा प्रतापसिंह दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीत होते. स्वखुशीने नव्हे, पेशव्याच्या ताब्यात. पुढच्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या गादीवर बसले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा अशी हद्द ठरली. रक्षणाची हमी कंपनीने घेतली. मात्र रेसिडेंटला वगळून बाहेर कोणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही, ही अट घातली.

महाराजांनी राज्य नीट चालवले. शाळा काढली, छापखाना आणला, रस्ते बांधले, सातारा शहराला पाणी दिले. पण राजा स्वतःच्या बुद्धीने चालू लागला की त्याचे शत्रू वाढतात. छत्रपतींच्या क्षत्रियत्वावरून वाद पेटवला गेला. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि बाळाजीपंत नातू विरोधात उभे राहिले. जहागीरदारांवरील हक्काचा वाद मुंबई सरकारशी सुरू झाला. १८३६ मध्ये इंग्रजांच्या देशी सैनिकांना फितवल्याचा आरोप आला. पाठोपाठ गोव्याच्या पोर्तुगिजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोप जोडले गेले.

१८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्याला आला. गुन्हा कबूल करून सही करा आणि गादी राखा, असा देकार त्याने दिला. महाराजांनी सही नाकारली, खुली चौकशी मागितली. ती मिळाली नाही. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि भाऊ शहाजी यांना गादीवर बसवले. रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये दाद मागत राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये शहाजी गेले, तेव्हा डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले.

शंभर वर्षांनी युरोपात हेच घडले. १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सने हिटलरला खूश ठेवण्यासाठी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश देऊन टाकला. फ्रान्स तर त्या देशाचा करारबद्ध मित्र होता. बोलणी झाली त्या खोलीत चेक प्रतिनिधींना जागा नव्हती. सहा महिन्यांत उरलेला देशही गेला.

वकील म्हणून मला दोन्हीकडे एकच उणीव दिसते. तह होता, पण तो मोडल्यावर दाद मागायला न्यायालय नव्हते. साताऱ्याच्या खटल्यात आरोप करणारी कंपनी, पुरावा गोळा करणारी कंपनी आणि निकाल देणारीही कंपनीच. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट ठेवणारे कलम ३२ बाबासाहेबांना सर्वांत मोलाचे का वाटले, ते इथे उमगते. दाद मागता येत नाही, तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी. मोठ्या पक्षांशी समझोते करणाऱ्या आपल्या नेत्यांनीही विचारावे, हा शब्द मोडला तर आपल्या हाती काय उरते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. पुढे त्या शाळेला प्रतापसिंह महाराजांचेच नाव मिळाले. ज्या राजाला न्यायालय मिळाले नाही, त्याच्या नावाच्या शाळेतला विद्यार्थी देशाला संविधान देऊन गेला. नीरा ओलांडून साताऱ्याला जाल, तेव्हा हे आपल्या मुलांना जरूर सांगा.