कुर्ट श्विटर्स : टाकाऊ वस्तूंचा वास्तुशिल्पी

कुर्ट श्विटर्स यांचा जन्म २० जून १८८७ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. ड्रेस्डेनच्या कला अकादमीत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांची चित्रे परंपरेला धरूनच होती. युद्धाच्या अखेरीस त्यांना एका लोखंडाच्या कारखान्यात आरेखकाचे काम करावे लागले. तेथेच यंत्रांविषयीची त्यांची ओढ वाढली. १९१८ मध्ये जर्मनीचा पराभव झाला, जुनी राजवट कोसळली, आणि मोडक्यातोडक्या वस्तूंचाच काय तो सुकाळ उरला. श्विटर्स यांनी त्याच वस्तू वेचल्या: ट्रामची तिकिटे, चाकांचे तुकडे, तारा, चिंध्या, लाकडाच्या फळ्या. एका बँकेच्या छापील जाहिरातीतील ‘कॉमर्झ’ या शब्दाचा कापलेला तुकडा त्यांच्या एका कृतीत चिकटवलेला होता. त्यावरून त्यांनी आपल्या साऱ्या कलेला ‘मर्झ’ असे नाव दिले. शब्दसुद्धा भंगारातलाच!

मार्सेल द्यूशाँ यांनी तयार वस्तू निवडून तिला कलाकृती ठरवले, तो प्रामुख्याने बुद्धीचा खेळ होता. श्विटर्स यांचा पिंड निराळा. त्यांना फेकलेल्या वस्तूच्या रंगाचा, झिजलेल्या कडेचा मोह होता. हॅनोव्हरमधील राहत्या घरात १९२३ च्या सुमारास त्यांनी स्तंभासारखी शिल्पे उभारावयास प्रारंभ केला. ती वाढत वाढत एकमेकांना भिडली आणि पुढे कित्येक खोल्या त्यांनी व्यापल्या. आत लहान लहान गुहा होत्या, त्यांत मित्रांकडून मिळवलेल्या, क्वचित हळूच उचललेल्याही, क्षुल्लक चीजा जपून ठेवलेल्या असत. कालांतराने लाकूड व प्लास्टरच्या पांढऱ्या पृष्ठभागांखाली त्यांतील बऱ्याचशा झाकल्या गेल्या. हाच तो सुप्रसिद्ध ‘मर्झबाउ’. अशा घरात संसार करणाऱ्या पत्नी हेल्मा यांच्या सोशिकपणाचाही येथे उल्लेख करावयास हवा.

नाझी राजवटीने या कलेला विकृत ठरवले. १९३७ च्या प्रारंभी श्विटर्स नॉर्वेस निघून गेले. घर सांभाळण्यासाठी हेल्मा मागे राहिल्या. ऑस्लोनजीक त्यांनी दुसरी वास्तू रचावयास घेतली. १९४० मध्ये जर्मन सैन्य तेथेही पोहोचले आणि त्यांना ब्रिटनचा आश्रय घ्यावा लागला. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. साहित्य मिळेना, तेव्हा न्याहारीच्या उरलेल्या लापशीची शिल्पे त्यांनी केली. त्यांवर बुरशी चढली, दुर्गंधी सुटली, पण काम थांबले नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बाँबवर्षावात हॅनोव्हरची वास्तू नष्ट झाली. पुढच्याच वर्षी हेल्मा कर्करोगाने निवर्तल्या. नॉर्वेतील वास्तू १९५१ मध्ये आगीत गेली. हॅनोव्हरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात १९३३ मधील छायाचित्रांवरून एका दालनाची प्रतिकृती १९८० च्या दशकात उभारण्यात आली. ती नेटकी आहे, परंतु वर्षानुवर्षे साचत गेलेला संग्रह प्रतिकृतीत कोठून येणार?

१९४५ पासून श्विटर्स उत्तर इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात राहिले. पोटासाठी ते स्थानिकांची व्यक्तिचित्रे काढीत. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एक हजार डॉलरचे साहाय्य देऊ केले, तेव्हा खालावलेल्या प्रकृतीतही त्यांनी एल्टरवॉटर येथील दगडी कोठारात तिसरी वास्तू आरंभिली. झारीची चाळणी, रबरी चेंडू, चौकटीचा तुकडा असे काहीबाही भिंतीवर बसवून वर प्लास्टर चढवले. एकच भिंत, तीही अपुरी राहिली. ८ जानेवारी १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचे पत्र आदल्याच दिवशी आले होते. १९६५ मध्ये ती भिंत अखंड उचलून न्यूकॅसलच्या हॅटन कलादालनात नेण्यात आली.