लोकमान्यांची शरीरसाधना

लोकमान्य टिळकांचे नाव निघताच त्यांची निर्भय लेखणी आणि कारागृहातही न नमलेला निश्चय आपल्याला आठवतो. परंतु हा निश्चय ज्या देहाने पेलला, तो देह त्यांना जन्मतः लाभलेला नव्हता. तो त्यांनी ऐन विद्यार्थिदशेत, एक संपूर्ण वर्ष खर्ची घालून, स्वकष्टाने कमावला होता. ती हकीकत जाणून घेण्याजोगी आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या विषयांची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. १८६६ साली हे कुटुंब पुण्यास आले आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई निवर्तल्या. त्या वेळी बाळ अवघा दहा वर्षांचा होता. पुढे १८७२ च्या ऑगस्ट महिन्यात वडिलांचेही छत्र हरपले. कोवळ्या वयातच मृत्यूने घरात दोनदा प्रवेश केला होता. अशाही स्थितीत टिळक त्याच वर्षी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

लोक त्यांना बळवंतराव म्हणत. पण बळ होते ते नावातच. हातपाय काटकुळे, पचनशक्ती मंद आणि शरीर अशक्त, अशी त्यांची प्रकृती होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १८७१ सालीच त्यांचा विवाह झाला होता. पत्नी सत्यभामाबाई प्रकृतीने सुदृढ असल्यामुळे मित्रमंडळी बळवंतरावांची थट्टा करीत, असे सांगतात. दुसरा एखादा थट्टेने चिडला असता किंवा खिन्न होऊन बसला असता. टिळकांनी मात्र आपल्या शरीराकडे गणिताच्या उदाहरणासारखे पाहिले. उणीव कोठे आहे हे त्यांनी ओळखले आणि ती भरून काढण्याचा मार्ग निश्चित केला. कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी शरीरासाठी द्यावयाचे ठरविले.

त्या दिवसापासून त्यांचा दिनक्रम पालटला. सकाळी आखाड्यात जावे, जोर-बैठका काढाव्यात, कुस्ती खेळावी. पुढे मुळा-मुठेच्या पात्रात पोहावे, नाव वल्हवावी, आणि व्यायामाने लागलेल्या भुकेला सकस अन्न पोटभर द्यावे, असा क्रम सुरू झाला. पोहण्यात तर त्यांनी इतके प्रावीण्य मिळविले, की पाण्यावर उताणे पडून ते बराच वेळ सहज तरंगत राहत. काही महिन्यांतच अंग भरले, छाती रुंदावली आणि अन्न पचू लागले.

या साधनेचे मोलही त्यांना द्यावे लागले. वर्षअखेरीच्या परीक्षेत त्यांना अपयश आले. आईवडील नाहीत, लग्न झालेले आहे आणि नातलगांच्या सर्व आशा आपल्यावर खिळल्या आहेत, अशा तरुणाने एक वर्ष गमावणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. परंतु टिळकांना त्याचा पश्चात्ताप झाला नाही. पुढे १८७६ साली ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. गमावलेले वर्ष परत मिळविता आले. गमावलेले आरोग्य तसे मिळविता आले असते काय?

आपल्याला लाभले ते इतरांनाही लाभावे, अशी त्यांना तळमळ असे. त्यांच्या सोबत्यांपैकी काही जण उगाच नाजूकपणा मिरवीत आणि खोलीत औषधांच्या बाटल्या मांडून बसत. टिळक त्यांच्या खोलीत शिरत, बाटल्या उचलून बाहेर फेकून देत आणि त्यांना आखाड्यात येण्याचा आग्रह करीत. असल्या खोड्यांमुळे सोबत्यांनी त्यांना नाना टोपणनावे दिली होती. अर्थात, खऱ्या रोग्याला वैद्याने दिलेले औषध फेकून देण्याचा हा धडा नव्हे. व्यायामाचा कंटाळा औषधाच्या बाटलीआड लपवू नये, एवढाच त्याचा आशय घ्यावा.

टिळकांच्या पिढीने अकाली मृत्यू फार जवळून पाहिले. १८८० साली ज्यांच्यासमवेत त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी निधन पावले. कॉलेजातील मित्र गोपाळ गणेश आगरकर हे दम्याने जर्जर होऊन १८९५ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी गेले. दोघांच्याही बुद्धीचे तेज मोठे होते. कार्य मात्र अर्धेच राहिले. यात त्यांचा दोष नव्हता. कित्येक रोगांवर त्या काळी उपायच नव्हते. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा अनेक लोक शहर सोडून गेले. टिळक मात्र तेथेच राहिले आणि रोग्यांसाठी इस्पितळ चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे १९०३ साली त्याच प्लेगने त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ हिरावून नेला. आरोग्य सर्वस्वी आपल्या हाती नसते, हे सत्य टिळकांनी स्वतःच्या घरात अनुभवले. म्हणूनच जे आपल्या हाती आहे, त्यात हयगय करणे अधिकच अनुचित ठरते.

टिळकांच्या देहाची खरी कसोटी पुढेच लागावयाची होती. २२ जुलै १९०८ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होणार होती. दूर ब्रह्मदेशातील मंडालेच्या कारागृहात, लाकडी फळ्यांच्या एका खोलीत त्यांना ठेवण्यात आले. तेथील उन्हाळा कडक होता. शिवाय टिळकांना मधुमेह जडलेला होता. आज या रोगावर इन्सुलिन व इतर औषधे आहेत. परंतु इन्सुलिनचा माणसावर पहिला यशस्वी उपयोग १९२२ साली झाला. त्यापूर्वी आहाराचे नियमन हाच काय तो मुख्य आधार होता. टिळकांनी भात आणि गोड पदार्थ यांचा मोह सोडला आणि मुख्यत्वे सातूचे पीठ व दूध यांवर निर्वाह केला. वाचन, लेखन, भोजन आणि विश्रांती यांच्या वेळा त्यांनी कसोशीने पाळल्या.

या नियमित जीवनाचे फळ केवढे मोठे! १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या पाच महिन्यांत, त्यांनी 'गीतारहस्य' हा प्रचंड ग्रंथ पेन्सिलीने लिहून काढला. १९१२ साली सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या, ती दुःखद वार्ताही त्यांना त्या खोलीतच ऐकावी लागली. तरीही देह आणि मन, दोन्ही ढळली नाहीत. १९१४ च्या जून महिन्यात ते सुटून आले. पुढची सहा वर्षे त्यांनी स्वराज्यासाठी गावोगाव प्रवास केला, सभा गाजविल्या, विलायतेची वारीही केली. १ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. सतराव्या वर्षीचा तो अशक्त मुलगा तसाच राहिला असता, तर मंडालेची सहा वर्षे त्याला झेपली असती की नाही, हे सांगणे कठीण आहे.

थोर पुरुषांच्या अंगीही एखादी उणीव असते. टिळकांना सुपारीची सवय होती. सुपारीने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो हे आज ठाऊक झाले आहे. त्यांच्या काळी ते ज्ञात नव्हते. तेव्हा त्यांची सवय नव्हे, तर त्यांचा निग्रह आपण उचलावा.

मधुमेह आणि हृदयविकार यांसारखे रोग अनेकांचे आयुष्य अवेळी खुडून नेतात. नित्याचा व्यायाम, माफक व सकस आहार, पुरेशी झोप आणि तंबाखूपासून दूर राहणे, एवढ्याने त्यांपैकी पुष्कळ टळतात किंवा लांबतात. यासाठी मोठे धन लागत नाही. लागतो तो निश्चय. टिळकांनी त्या एका वर्षात परीक्षेचे गुण गमावले. पण जन्मभर पुरेल अशी शरीराची शिदोरी जोडली. ती शिदोरी त्यांनी स्वतःच्या सुखासाठी राखून ठेवली नाही, देशाच्या कामी वेचली. कमावलेल्या देहाचे याहून मोठे सार्थक ते कोणते?